घरचीच गाडी

धसईच्या भगीरथमामांच्या गोठ्यात दोन म्हशी होत्या आणि एक मोटरसायकल. म्हशींना वेळेवर पेंढा मिळायचा, पाणी मिळायचं, पाठीवरून हातही फिरायचा. मोटरसायकलच्या वाट्याला एक कोंबडी आली होती. सीटचा फाटलेला फोम तिला फार मानवला होता आणि ती तिथे मन लावून अंडी घालत असे. हँडलला मैनामामींची सुपं अडकवलेली असत. वायरी उंदरांनी संपवल्या होत्या, टायर जमिनीला चिकटले होते. मामांनी तरुणपणी मोठ्या हौसेने घेतलेली गाडी होती ती. नवी गाडी आल्यावर ती हौस नव्या गाडीवर बसून निघून गेली.

कुणाली मामांची भाची. शेणव्याला राहायची, शहापूरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. कॉलेजला जायला शेअरची जीप. ती भरली की सुटायची आणि ड्रायव्हरच्या मते ती कधीच भरलेली नसायची. त्यामुळे सकाळचं पहिलं लेक्चर कोणत्या विषयाचं असतं, हे कुणालीने दोन वर्षं फक्त ऐकलं होतं.

दिवाळीत ती आईबरोबर धसईला गेली, म्हशीचं शेण ओलांडून गाडीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, ही मी नेऊ?"

ओटीवर चार पाहुणे बसलेले होते. पाहुण्यांसमोर मामांचं मन नेहमीच मोठं व्हायचं.

"ने गो ने! भाचीला नाय म्हणू काय? आजपासून तुझी. तेवढीच गोठ्यात जागा होईल."

पाहुण्यांनी माना डोलावल्या. मामांचा मुलगा दिपेश मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "भंगारवाला पण घेत नव्हता ती." मामींनी सुपं काढून घेतली. कोंबडीला कुणी विचारलं नाही.

भेंडीच्या टेम्पोतून, करंड्यांच्या वर आडवी होऊन, गाडी सरळगाव, किन्हवली करत शेणव्याला पोचली. तिला उतरवून घ्यायला अर्धा गाव आला आणि सल्ला द्यायला उरलेला अर्धा. मुलीने मोटरसायकल कशाला, स्कूटी घ्यावी, यावर सगळ्यांचं एकमत झालं. ती स्कूटी कोण घेऊन देणार, यावर मात्र कुणी काही बोललं नाही.

शहापूरच्या नाक्याजवळ प्रणित नावाच्या मेकॅनिकचं गॅरेज होतं. त्याच्याकडे प्रत्येक दुखण्यावर एकच निदान असे: "इंजिन खोलायला लागंल." हॉर्न वाजत नसला तरी इंजिन खोलायला लागत असे. कुणालीच्या गाडीचे फोटो बघून तो बराच वेळ गंभीर राहिला आणि म्हणाला, "इंजिन खोलून पण काय फायदा नाय. कुंडी कर. झाडं लाव."

"पिस्टन जाम आहे फक्त."

"तुला कसं माहीत?"

"किक खाली जात नाही."

"मग इंजिन खोलायला लागंल," प्रणित म्हणाला.

तिने खोललं नाही. मोबाइलवर बघितलं, एका म्हाताऱ्या ट्रॅक्टरवाल्याला विचारलं. प्लग काढला, त्या भोकातून डिझेल ओतलं आणि गाडी तशीच ठेवली. रोज कॉलेजहून आली की ती गाडी टॉपच्या गिअरमध्ये टाकायची आणि मागचं चाक दोन्ही हातांनी पुढेमागे रेटायची. चाक जागचं हलायचं नाही. शेजारच्या बायका पाण्याचे हंडे खाली ठेवून हा कार्यक्रम बघून जायच्या. एका संध्याकाळी काहीतरी करकरलं आणि चाक बोटभर सरकलं. कुणाली तिथेच मातीत बसली. तिला वाटलं, कुणाला तरी सांगावं. पण चाक बोटभर सरकलं, यात आनंद होण्यासारखं काय आहे हे समजेल असा माणूस आसपास नव्हता.

पुढचे दोन महिने घराला रॉकेलचा वास येत राहिला. सायलेन्सरमध्ये कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं, एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांचा संसार होता. टाकीत इतका गंज होता की टाकी कुठे संपते आणि गंज कुठे सुरू होतो, ते कळत नव्हतं. तिने टाकीत व्हिनेगर आणि मूठभर नटबोल्ट घातले आणि ती वडिलांच्या हातात दिली. वडील, साईनाथ, ओटीवर बसून टाकी खळखळवत राहिले.

"लोक इचारतात, पोरगी काय शिकते," ते म्हणाले. "काय सांगू? बापाला टाकी हलवायला शिकवते?"

"जोरात हलवा, बाबा."

कार्बोरेटर तिने तीनदा जोडला. पहिल्यांदा एक स्प्रिंग उरली, दुसऱ्यांदा पेट्रोल भळाभळा सांडलं. तिसऱ्यांदा ती कुणाशीच बोलत नव्हती. बाजारातून चेन आणली, ब्रेकचे लायनर बसवले, गाडी टेम्पोने प्रणितकडे नेऊन वायरिंग करून घेतलं. तो इंजिन खोलण्याबद्दल दोनच वेळा बोलला.

मकर संक्रांतीच्या दुपारी गाडी सुरू झाली. आधी खोकली, मग सायलेन्सरमधून उरलीसुरली माती फेकली आणि मग एवढा धूर सोडला की पेंढ्याची उडवी पेटली समजून आई बादली घेऊन धावत आली. धुरात उभी असलेली लेक दात काढून हसत होती. आईने, वत्सलाबाईंनी, बादली खाली ठेवली. त्यांना गाडीतलं काही कळत नव्हतं, पण दोन महिन्यांत पोरगी पहिल्यांदाच अशी हसत होती, एवढं त्यांना कळलं.

पहिली लांबची फेरी अर्थातच धसईला. मामांना दाखवायला. सोबत गाडी नावावर करायचा कागद होता. त्यावर मामांची एक सही हवी होती.

मामा गाडीभोवती फिरले. पॉलिश केलेल्या टाकीत त्यांना स्वतःचा चेहरा दिसला आणि तो त्यांना आवडला असावा.

"बघ, कशी ठेवली होती मी!" ते ओटीवरच्या लोकांना म्हणाले. "आजकालच्या गाड्यांत हाय का ही ताकद? नुसतं पेट्रोल टाकायचं बाकी होतं."

"मामा, सही."

"करतो ना. पळून चाललोय का मी?"

ते पळून गेले नाहीत. जागेवरच बसून राहिले आणि सहीही जागेवरच राहिली. कारण तोवर दिपेश मोबाइल खाली ठेवून बाहेर आला होता.

दिपेशचं लग्न ठरलं होतं. मुलगी पडघ्याची, दिशा. लग्नाआधीच्या फोटोंसाठी फोटोग्राफरने जुनी, भारीतली गाडी हवी म्हणून सांगितलं होतं. भंगारवाला पण घेत नव्हता ती गाडी दिपेशने प्रेमाने थोपटली. "दोन दिवस ठेव गो. मीच आणून सोडतो."

आईने फोनवरून तिकडूनच बजावलं, "घरात लगीन हाय, तोंड उघडू नको." तोंड बंद ठेवून कुणाली जीपने परत आली. जीप भरायला तासभर गेला.

फोटो छान आले. धरणाच्या काठावर लाल-निळा धूर, मध्ये गाडी, गाडीवर काळा चष्मा लावून दिपेश आणि मागे गाउनमधली दिशा. खाली त्याने लिहिलं होतं: "माय बेबी. गोठ्यातून बाहेर काढली, स्वतःच्या हाताने बनवली." ही ओळ गाडीबद्दल आहे हे कळायला काही नातेवाइकांना वेळ लागला. खाली शाबासक्यांचा पाऊस होता. मामांनी स्वतः अंगठा दिला होता.

दोन दिवसांचा आठवडा झाला, आठवड्याचा महिना व्हायला आला. कुणालीने फोन केला की मामा म्हणायचे, "घरचीच गाडी हाय गो. इथं काय, तिथं काय!" इथं म्हणजे त्यांच्या अंगणात. तिथं म्हणजे कुणाली जीपमध्ये. फरक काहीच नव्हता.

रात्री जेवताना ती ताटातला भात नुसता चिवडायची. गाडी गेली याचं दुःख होतंच. पण बोटभर सरकलेलं ते चाक दिपेशने फुकटात स्वतःच्या नावावर केलं होतं, ते जास्त लागलं होतं.

आणि मग दिपेशचे होणारे सासरे, रामूशेठ, ती पोस्ट बघून भारावले.

ते स्वतः टेम्पो घेऊन धसईला आले. टेम्पोत एक मोटरसायकल होती. म्हणजे कधीकाळी असावी. रामूशेठच्या वडिलांची. ते गेल्यापासून ती घरामागे पडून होती आणि तिच्या चाकांतून कारल्याचा वेल वर चढला होता. रामूशेठनी गाडीला हार घातला, नारळ फोडला आणि जावयाचा हात हातात घेतला.

"दिपेशराव, आमचे बाबा याच गाडीवरून भाजी घेऊन कल्याणला जायचे. तुमच्या हातात कला हाय. लग्नाला या गाडीवरून या. बाकी मला काय नको."

हुंडा मागितला असता तर दिपेशने बाणेदारपणे नकार दिला असता. हे त्याहून कठीण होतं. मामा खोबऱ्याचा तुकडा चावत म्हणाले, "अहो, त्याच्या डाव्या हाताचा मळ हाय तो." दिपेशने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तो शेणव्याला आला. कुणालीच्याच गाडीवरून. कुणाली अंगणात बोरं खात बसली होती.

"कुणे, एक काम होतं."

"ऐकलं. नारळ पण फुटला म्हणे."

"तू बनव ना. मजुरी देतो."

"मजुरी नको. ही गाडी इथंच राहील. मामा सही करतील. आणि तुझ्या सासऱ्यांची गाडी तू बनवशील."

"मी? मला काय येतं?"

"स्वतःच्या हाताने बनवली, असं तूच लिहिलंय. वाच की परत."

तो दोन दिवस रुसला. तिसऱ्या दिवशी सही केलेला कागद आणि सासऱ्यांची गाडी भरलेला टेम्पो दोन्ही घेऊन आला. मामांनी सही केली, पण पेन आपटून. "एवढं शिकून घरच्या माणसांकडून कागद मागते," असा निरोपही पाठवला. कुणालीने कागद घेतला, निरोप परत पाठवला.

दिपेशने कामाला सुरुवात केली ती पांढऱ्या टी-शर्टात. पहिल्या दिवशी त्याने नट उलटा पिळून त्याचे आटे घालवले. दुसऱ्या दिवशी बोट चेमटलं. तो एवढा ओरडला की वत्सलाबाई पुन्हा बादली घेऊन निघणार होत्या. कुणाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पाना पुढे करायची आणि त्याने चुकीचा मागितला की चुकीचाच द्यायची. तिला यात अतिशय वाईट प्रकारचा आनंद होत होता आणि तो लपवायचे कष्ट तिने घेतले नाहीत. हळूहळू मात्र दिपेश बडबडायचा थांबला. एकदा ती कॉलेजहून आली तर तो आधीच येऊन बसला होता आणि जुन्या ब्रशने इंजिनच्या पात्यांमधली माती काढत होता. मोबाइल खिशात होता.

त्याच आठवड्यात दिशा न सांगता आली. मामींकडून पत्ता घेऊन, स्कूटीवरून. दिपेश कपाळापासून कोपरापर्यंत काळा झाला होता आणि कुणाली त्याला सांगत होती, "अरे गाढवा, आधी क्लचची केबल!"

दिपेश उठून उभा राहिला. हात पँटला पुसत म्हणाला, "ही माझी बहीण. मदत करते."

"मला तेव्हाच माहीत होतं," दिशा म्हणाली. "फोटोत तुझी नखं माझ्यापेक्षा साफ होती."

"बाबांना सांगणार?"

"आत्ता सांगितलं तर लग्न मोडेल. गाडी चालू झाल्यावर सांगितलं तर हसतील." तिने ओढणी कमरेला खोचली. "चेन कशाने पुसायची?"

गाडी लग्नाच्या चार दिवस आधी सुरू झाली. दिपेशने किक मारली, इंजिनने आवाज पकडला आणि तो हँडल धरून नुसता उभा राहिला. डोळे पुसत म्हणाला, धूर लई आहे. धूर फारसा नव्हता. कुणालीला त्याच्याबद्दल थोडं बरं वाटलं आणि तसं वाटल्याचा तिला रागही आला.

लग्नात नवरा त्याच गाडीवरून पडघ्याच्या मांडवात आला. मामांनी भेटेल त्याला सांगितलं की ही कला घराण्यातच आहे. दिशाने त्याच गर्दीत बापाच्या कानात काहीतरी सांगितलं. रामूशेठनी आधी जावयाकडे पाहिलं, मग कुणालीकडे. हसले नाहीत. "एक चक्कर मारून येतो," म्हणाले, फेटा सावरला आणि गाडी घेऊन निघून गेले.

मुहूर्त जवळ आला तरी ते परतले नाहीत. भटजी घड्याळ बघायला लागले. मामांचा रंग उडाला. दिपेश बाशिंग बांधून उन्हात उभा होता. शेवटी दिशाने कुणालीला खूण केली आणि कुणाली नऊवारी सावरत आपल्या गाडीवर बसली.

रामूशेठ कल्याणच्या वाटेवर, एका चिंचेखाली सापडले. गाडी स्टँडवर लावलेली आणि ते टाकीवर हात ठेवून शेजारी उभे.

"बंद पडली काय, काका?"

"नाय गो. मीच बंद केली." त्यांनी टाकीवरून हात फिरवला. "मी लहान असताना बाबा इथं थांबायचे. मला पुढं टाकीवर बसवलेला असायचा. आवाज तोच हाय. कसा काय तोच ठेवला तुमी?"

कुणालीला नेहमीसारखं काहीतरी खोचक सुचलं होतं. तिने ते बोलून दाखवलं नाही. "अर्धी दिपेशने बनवली," ती म्हणाली. "खरंच."

"बरं." रामूशेठनी उपरण्याने तोंड पुसलं. कुणालीचा फोन वाजत होता, मामांचा. तिने तो बंद केला आणि चिंचेच्या सावलीत गाडी लावली.