केकवरचं नाव

मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या टोळीचा मुकादम क्लाइव्ह. स्वयंपाकी डेस एकोणीस वर्षं त्याला रांधून घालत होता, पण क्लाइव्हला त्याचं नाव ठाऊक नव्हतं. तो ज्याला त्याला ‘मेट’ म्हणायचा, म्हणजे ‘दोस्ता’. उकळत्या चरबीनं हात भाजून डेसची शुद्ध हरपली, तेव्हा नर्सनं पेशंटचं नाव विचारलं, तर हा बाबा नुसतं डोकं खाजवत बसला. ते कळल्यापासून डेसनं डूख धरला होता.

क्लाइव्ह निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या निरोप समारंभाचा केक डेसनंच केला. साऱ्या गावासमोर झाकण उघडलं. साखरेची ठसठशीत अक्षरं होती : ‘सुखी राहा, मेट.’

क्लाइव्हचा चेहरा पडला. “अरे, माझं नाव कुठाय?”

“खूप डोकं खाजवलं,” सुरी पुढे करत डेस म्हणाला, “आठवलंच नाही, मेट.”