चिठ्ठी गळालेली बाटली

मित्रांनो, दिंडोरीजवळच्या एका शाळेच्या प्रयोगशाळेतली मी जुनी बाटली आहे. जाड काच, वर काचेचेच बूच. माझ्या पोटात संहत, म्हणजे पाणी न मिसळलेले, सल्फ्युरिक आम्ल असते. दिसते ते पाण्यासारखे, भरते मात्र खूप जड. पण एकदा त्याचा थेंब सावळीरामकाकांच्या पँटवर पडला आणि पाहता पाहता तिथे भोक पडले. तेव्हापासून मला माझीच भीती वाटते.

सावळीरामकाका प्रयोगशाळा सांभाळायचे. आमच्या अंगावरच्या चिठ्ठ्या ते काळ्या शाईने लिहीत आणि वरून मेणाचा हात फिरवीत, म्हणजे अक्षर टिकते. मला ते खालच्या कप्प्यात एकटी ठेवायचे. काका निवृत्त झाले. त्यांच्या जागी कोणी आले नाही. बुचाजवळून ओघळलेल्या आम्लाने माझी चिठ्ठी करपली आणि एक दिवस गळून पडली. मग उन्हाळ्यात रंगकाम निघाले. रंगाऱ्यांनी कपाट रिकामे केले आणि परत लावताना मला वरच्या कप्प्यात, विरल, म्हणजे पाणी घालून सौम्य केलेल्या आम्लाच्या बाटल्यांमध्ये ठेवले. त्या रांगेत उभी राहून मी रोज धास्तावत होते.

शाळा उघडली. ललिता मॅडम नव्यानेच आल्या होत्या. शिकवायच्या मनापासून. त्या दिवशी दहावीला त्या अवक्षेप, म्हणजे द्रावणात तयार होणारा साका, दाखवत होत्या. दोन रंगहीन स्वच्छ द्रावणांचा मेळ झाला आणि नळीत हळदीसारखा पिवळा साका उतरला. मुले पुढे सरकली. मग मोरचुदाच्या निळ्या पाण्यात कॉस्टिक सोडा पडला आणि फिकट निळा, दह्यासारखा साका धरला. मोरचूद फवारणीमुळे द्राक्षबागांतल्या त्या मुलांच्या ओळखीचे. पण त्याचे हे रूप त्यांनी पाहिले नव्हते.

"आता यात विरल आम्ल घातलं की साका विरघळेल," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पुढे उभ्या असलेल्या तेजलला कपाटातून आम्ल आणायला सांगितले. तिने दोन बाटल्या आणल्या. त्यातली एक मी होते. दोन्ही वरच्या कप्प्यातल्या, म्हणून मॅडमनी नीट न बघताच माझ्याकडे बोट दाखवले.

तेजलने डाव्या हातात नळी धरली. माझे बूच निघाले. त्या पाण्यात माझी धार पडली असती तर सगळे उकळून तिच्या तोंडावर उडाले असते. तिच्या डोळ्यांवर चष्मासुद्धा नव्हता. मी ओरडू शकत नव्हते.

ती थांबली. "मॅडम, ही बाटली लय जड हे. ती दुसरी एवढीच भरलेली हे, पण हलकी हे."

मागच्या बाकावरून मयूर म्हणाला, तास संपत आला. मॅडमनाही घाई होती. काच जाड असेल, म्हणाल्या, ओत दोन थेंब.

मी कलले. माझ्या तोंडाशी थेंब आला.

तेजलने मला सरळ केले आणि टेबलावर ठेवले. "नाय मॅडम. फवारणीच्या डब्याला चिठ्ठी नसली तर पप्पा तो उघडूच देत नाय."

मॅडमनी मला नीट निरखले. मग चहाच्या सामानातली चिमूटभर साखर बशीत घेतली, सगळ्यांना मागे सारले आणि काचेच्या कांडीने माझे दोन थेंब त्यावर सोडले. साखर पिवळी झाली, तपकिरी झाली, मग फुगून काळीठिक्कर पडली. विरल आम्लाने साखर अशी जळत नाही.

मॅडम खुर्चीवर बसल्या. "न बघता ओत म्हणाले मी," त्या हळूच म्हणाल्या. "तेजलने ऐकलं नाही, ते बरं झालं."

त्याच दिवशी दोघींनी मिळून सगळे कपाट खाली काढले. ज्या बाटल्यांत काय आहे ते कळेना, त्या वेगळ्या पेटीत बंद केल्या. माझी चिठ्ठी तेजलने लिहिली, लाल शाईने. पण माझी भीती पुरती गेलेली नाही; ती जाऊ नये असेच मला वाटते. मित्रांनो, तुमच्या शाळेत, घरात, शेतातल्या खोलीत माझ्यासारखी एखादी मुकी बाटली असेल. तिच्या पोटात काय आहे ते तिला सांगता येत नाही. ते तिच्या अंगावर लिहा. आणि लिहिलेले नसेल, तर मोठ्यांनी सांगितले तरी ओतू नका.