चंद्राबाईच्या तोंडाचे चौकोन

श्रीपत रोकडेनं धाकट्या लेकीला, संध्याला, उजवलं ते साल दोन हजार चौदा. लग्न मे महिन्यात लोधिवलीला झालं आणि लग्नाची सीडी जुलैत फिरत फिरत शेलूला पोचली. शेलूला श्रीपतची थोरली बहीण चंद्राबाई राहायची. तिच्या मुलानं, स्वप्नीलनं, सीडी लावली. घरातली सगळी टीव्हीपुढं बसली. लग्न अर्ध्यावर आलं असेल, तोच चंद्राबाईनं हातातलं सूप खाली आदळलं.

"थांबीव. मागं घे. माझं तोंड कुठं हाय?"

स्वप्नीलनं मागं घेतलं. स्टेजवर नवरा-नवरी उभी होती. आधी श्रीपतची मेव्हणी आनंदीबाई आहेर देऊन गेली, तिच्या नाकातली चमकीसुद्धा ओळखू येत होती. मग चंद्राबाई चढली. पांढरी साडी तिची, हातातली पिशवी तिची, आणि मानेच्या वर नुसते चौकोन. तपकिरी, काळे, मधेच एक तांबडा. फरशीचे तुकडे बसवावेत तसे. मागं श्रीपत उभा होता, त्यानं पाठ फिरवली आणि वाकून कुठंतरी निघून गेला.

"आई, सीडी खराब असंल," सून म्हणाली.

"खराब? आनंदीची चमकी दिसती अन् माझं तोंड खराब?"

याच्या मागं जुनं दुखणं होतं. स्वप्नीलच्या लग्नात श्रीपतच्या माणसांना शेवटच्या पंगतीला बसावं लागलं. भात मिळाला, भाजी संपली होती. तेव्हापासून भाऊ-बहीण बोलत नव्हते. संध्या स्वतः पत्रिका घेऊन आली म्हणून चंद्राबाई लग्नाला गेली. आहेर देऊन वळली तर भाऊ जागेवर नाही. कुणीतरी खुर्ची आणून ठेवली होती, तिच्यावर ती बसली नाही. जेवलीही नाही, तशीच परत आली. आता हे.

आमच्याकडं लग्नाची सीडी एका घरची नसते. ती या गावातून त्या गावात जाते, आणि जो तो आधी आपल्याला शोधतो. म्हणजे रसायनीपासून कर्जतपर्यंत सगळ्यांनी ते चौकोन पाहिले असणार.

त्यात दोन दिवसांनी श्रीपतच्या मुलाचा, मिलिंदचा फोन आला. तो बापाला दादा म्हणायचा.

"आत्या, दादांना बरं नाय. तुला बोलावत्यात. येऊन जा गं."

"काय झालंय त्याला?"

"छातीत पाणी झालंय. डॉक्टर म्हनतो घरीच ठेवा."

"बघते," म्हणून तिनं फोन ठेवला. स्वप्नीलला म्हणाली, "बघ, बोभाटा झाला तशी आठवण आली. गोड बोलून माझं तोंड बंद करायचं हाय."

"मामा खरंच आजारी असला तर?"

"आधी मला बघू दे माझं तोंड कुणी पुसलं. मग जाईन."

सीडीच्या पाकिटावर दुकानाचं नाव होतं. ते कुणाकडून तरी वाचून घ्यायची गरज नव्हती, चंद्राबाई साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकली होती. चौक गाव, नाक्यावर, किशोरचा स्टुडिओ. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कर्जतवरून मिनीडोअर रिक्षानं चौकला उतरली. लोधिवली तिथून हाकेवर. ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून तिनं पदर नाकापर्यंत ओढून घेतला होता.

किशोर तिशीतला पोरगा, कानात हेडफोन. तिनं सीडी टेबलावर ठेवली.

"हे कुणी करायला सांगितलं तुला?"

"काय, मावशी?"

"माझं तोंड पुसायला. मिलिंदनं का त्याच्या बापानं?"

किशोरनं सीडी लावली, बघितली, आणि मान खाजवली. मग त्यानं कॉम्प्युटरवर दुसरं काहीतरी उघडलं आणि चित्र थांबवलं. पडद्यावर चंद्राबाईचं तोंड होतं. कपाळावरचं गोंदण, हनुवटीवरचा तीळ, सगळं जागच्या जागी.

"ही आपली कॅमेऱ्यातली मूळ फिल्म. बघा, तुमी हायत."

चंद्राबाईचा संशय निवला नाही, उलट पेटला.

"इथं हाय, मग तिथनं गेलं कुठं? म्हंजे कुणीतरी काढलं."

"काढलं नाय वं. दाबलं." किशोर समजावू लागला. "डिस्कवर जागा ठरलेली असते. दोन तासांचं लग्न चांगलं बसतं. हे साडेतीन तासांचं. मी म्हनलं थोडं कापतो, नायतर दोन डिस्क करतो. मिलिंददादा म्हनला, एक बी माणूस कापू नको, मागच्या लग्नात एक पाव्हणे दिसले नाय तर वर्षभर रुसले. आनि दोन डिस्क नको, एक राहती एकाकडं, दुसरी येतच नाय परत. मग एकीतच कोंबलं."

"मग सगळ्यांची तोंडं जायला पायजे होती. माझंच का?"

"तुमी चढलात तेव्हा पोरांनी काय केलं बघा." त्यानं बोट दाखवलं. "फुलांच्या पाकळ्यांचं मशीन सोडलं, धूर सोडला, डिस्को लाईट फिरवली. सगळं हालतंय. हालत्या चित्राला जागा जास्त लागती. आनंदीबाईंच्या टायमाला सगळं शांत होतं, त्यांचं थोडक्यात भागलं. मी घाईत सगळ्यांना सारखीच जागा दिली. पंगतीत कसं, सगळ्यांना एकच डाव भात वाढला तर..."

"पंगतीचं कुणी सांगितलं तुला?" चंद्राबाई उभीच राहिली.

"आँ? कुणी नाय! मी आपलं उदाहरण देतोय."

"बरोबर पंगतीचंच सुचलं?"

"बरं, पंगत राहू द्या." किशोरनं हात जोडले. "चूक माझी हाय. दोन फेऱ्या करायला पायजे होत्या. पहिल्या फेरीत मशीन नुसतं बघत जातं, कुठं गर्दी, कुठं शांत. दुसऱ्या फेरीत तसं मापानं वाटतं. त्याला येळ लागतो. लग्नसराईत येळ कुठला?"

"आता हाय ना? कर. दोन डिस्कवर कर. मी इथंच बसते."

"संध्याकाळ व्हईल."

"होऊ दे. माझ्या पाठीमागं परत काय पुसशील."

ती स्टुलावर बसली आणि मशीनवरची हिरवी पट्टी राखत राहिली. पट्टी गोगलगाईसारखी सरकत होती. किशोरनं चहा मागवला, तिनं घेतला नाही. चहा पिताना नजर खाली जाते. मधेच लाईट गेली तेव्हा तिनं उठून दारच अडवलं.

"अवो, मशीन बॅटरीवर चालू हाय! मी कुठं पळतोय?"

"तू नाय, पण ती डिस्क पळंल."

किशोर हसला. ती हसली नाही.

पहिली फेरी झाली. दुसरी झाली. दुपार टळली, पावसाची एक सर येऊन गेली. शेवटी किशोरनं दोन्ही डिस्क काढल्या. तिचा भाग ज्या डिस्कवर होता ती टीव्हीच्या प्लेअरमध्ये टाकली, तिला घरी दिसणार होतं तसंच इथं दिसावं म्हणून.

स्टेज आलं. धूर, पाकळ्या, फिरते दिवे. आणि त्यातून चंद्राबाई वर चढली. तोंड होतं. पाकळी एक-एक वेगळी दिसत होती. तिनं स्वतःकडं एकदा बघून घेतलं, आणि मग तिची नजर मागं श्रीपतवर गेली. जुन्या सीडीत तिथं नुसता एक मळकट डाग होता, तो पाठ फिरवून निघून गेला होता. आता तो माणूस दिसला. श्रीपतनं पाठ फिरवली, वाकला, लोकांच्या पायांतून एक खुर्ची ओढून काढली, खांद्यावरच्या टॉवेलनं तिची बैठक पुसली, आणि दोन्ही हातांनी उचलून थोरल्या बहिणीच्या मागं आणून ठेवली. मग बाजूला जाऊन उभा राहिला. दम लागला होता त्याला. छातीवर हात होता.

चित्र पुढं सरकलं. चंद्राबाई वळली, खुर्चीला वळसा घालून खाली उतरली.

"पुन्हा लाव," ती म्हणाली.

किशोरनं पुन्हा लावलं.

"अजून एकदा."

"मावशी, तोंड आता चांगलं आलंय ना?"

"माझं सोड रं."

तिनं दोन्ही डिस्क पिशवीत घातल्या. जुनी सीडीही मागून घेतली, ती परत कुणाच्या घरी जाऊ नये म्हणून. पदर खांद्यावर टाकून ती लोधिवलीच्या रस्त्याला लागली.

श्रीपत पडवीत उशांना टेकून बसला होता. अंगावर मांस राहिलं नव्हतं. श्वास घेताना खांदे वर उचलले जायचे. सून रूपा पाणी घेऊन आली. श्रीपतनं मान वर केली.

"आक्का? आज कशी वाट चुकलीस?"

"चौकला काम होतं."

"शेलू सोडून चौकला काय काम गं तुजं?"

"असतं काय तरी. तुला काय करायचंय?"

"मला वाटलं, मी गेल्यावरच येशील. भांडायला."

"गप रं. भांडायचं असलं तर तू जिता असतानाच भांडीन. काय खाल्लंस सकाळधरनं?"

"पेज."

"पेज खाऊन व्हय हा अवतार!" तिनं पिशवी खुंटीला अडकवली आणि रूपाला म्हणाली, "चूल कुठं हाय तुमची? मला दाखीव."

स्टुडिओत दिवसभर कशासाठी बसली होती ते तिनं भावाला सांगितलं नाही. त्यानंही पुन्हा विचारलं नाही. स्वप्नीलला तिनं फोन केला, की माझी दोन लुगडी पाठव, मी इथं राहते.

श्रीपत रोकडे त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी सकाळी लोधिवलीला आपल्या घरी वारला. चंद्राबाई उशाशी होती.