चार फुटांच्या वर

वसंतरावांनी मेस्त्रीला शनिवारीच हाकलून दिलं होतं. चूक मेस्त्रीची एवढीच, की तो म्हणाला, "साब, एक दिन में दीवार चारीच फुट. उसके उप्पर नक्को, माल कच्चा रैता." त्यावर वसंतरावांनी त्याच्या हातातली थापी हिसकावून रस्त्यावर भिरकावली. ती समोरच्या गेटवर खणकन आदळली. मेस्त्रीने ती उचलली, लुंगीला पुसली आणि तो गेला तो गेलाच.

रविवारी सकाळी सातलाच ते एकटे कामाला लागले. गाडी विकून महिना झाला होता. तारनाक्याच्या त्या घराचा रिकामा पोर्टिको विटांनी बंद करून तिथे खोली काढायची, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं. रेल्वेच्या वर्कशॉपात पस्तीस वर्षं लोखंड बडवलेला माणूस. त्याला विटांची काय मातब्बरी!

खोली मुलीसाठी, हर्षदासाठी होती. नवऱ्याचं घर कायमचं सोडून ती चाळिसाव्या वर्षी परत आली, तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "झोपायला जागा करू तुला."

चारच्या सुमारास ती चहा घेऊन बाहेर आली. भिंत त्यांच्या कपाळापर्यंत चढली होती. चार इंची भिंत. खालच्या थरांतला ओला माल वजनाने फुगून बाहेर आलेला. दोन्ही बाजूंच्या खांबांना ती नुसती टेकली होती. सळई नाही, काही नाही. इमारतींचे नकाशे तपासणं हीच हर्षदाची नोकरी. तिला ते एका नजरेत दिसलं.

"काय बघतेस? ओळंबा लावलाय."

तिचा हात डाव्या कानाकडे गेला. अकरा वर्षांची असताना तिने पाहुण्यांसमोर त्यांची चूक काढली होती, की रेल्वेगाडी आधी भोनगीरला थांबते, मग काझीपेटला. पाहुणे जिन्यावरून उतरायच्या आत त्यांचा हात असा बसला, की कानाचा पडदा फाटला. पुढे पंधरा दिवस कानात औषधाचे थेंबही त्यांनीच घातले, मोजून, फुंकर मारून. घरात त्याबद्दल पुन्हा कोणी बोललं नाही.

"चहा निवतोय," ती म्हणाली.

"ते राहू दे. जमतंय की नाही तुझ्या बापाला?"

"जमतंय."

ते हसले. कपबशी सिमेंटच्या बोटांनी धरून त्यांनी फुर्रकन चहा प्यायला आणि पुन्हा थापी उचलली. दिवेलागणीला भिंत छताला भिडली. जेवताना त्यांनी दोनदा भात मागून घेतला.

सोमवारी सकाळी भिंतीत सोडलेल्या जागेत खिडकीची चौकट बसत नव्हती. त्यांनी शिवी हासडून हातोडा घातला. एक, दोन. तिसऱ्या घावाला भिंत खांबांपासून सुटली आणि अख्खीच्या अख्खी त्यांच्या अंगावर आली.

हर्षदा धावली तेव्हा विटांतून एक हात बाहेर होता, मूठ हातोड्यावर आवळलेली. तिने नखं तुटेपर्यंत विटा उपसल्या. आईला मागे ढकललं, शेजाऱ्याला ढकललं. तोंड सापडलं, पण त्यात सिमेंट आणि रक्त यांशिवाय काही नव्हतं.

तेराव्याला आलेले सगळे म्हणाले, कष्टाळू माणूस, काम करता करता गेला. हर्षदा पानं वाढत राहिली.

चौदाव्या दिवशी दिलसुखनगरहून तिचा भाऊ गिरीश सिमेंटच्या गोण्या घेऊन आला. "बाबांचं अर्धवट राहिलंय. आज पुरं करतो."

"मेस्त्री बोलव," हर्षदा म्हणाली.

"मेस्त्री कायको? बाबांचाच हात आहे माझा."

खरंच तोच हात होता. त्याने त्याच विटा धुऊन घेतल्या. काहींवरचा डाग निघाला नाही, त्या त्याने आतल्या अंगाला वळवून लावल्या. दोन वाजेपर्यंत भिंत त्याच्या खांद्याला आली. सावली पडली म्हणून आई, लीलाबाई, भिंतीच्याच बुडाशी खुर्ची टाकून मेथी निवडायला बसल्या.

"आज भिंत इथेच थांबव, गिरीश," हर्षदा म्हणाली.

"हं, आली इंजिनिअरीण!" त्याने थापीचा हात उगारला. चेष्टेतच, पण थेट बापासारखा.

हर्षदाचा हात कानापर्यंत गेला आणि तिथून खाली आला. कोपऱ्यात बाबांचा घण उभा होता.

"आई, ऊठ. आत हो आधी."

"अगं, पण मेथी..."

"ऊठ म्हणते ना!"

तिने आईला दंडाला धरून उंबऱ्याच्या आत ढकललं. मेथी सांडली. मग तिने दोन्ही हातांनी घण उचलला आणि भिंतीच्या मध्यावर हाणला. पहिल्याच घावाला विटा रस्त्याकडे कोसळल्या. ती थांबली नाही. उरलेले थर तिने फोडले, फुटलेल्या विटा पुन्हा फोडल्या. गिरीशने मागून कमरेला धरलं, तेव्हा कोपराने त्याचा ओठ फाटला.

"पागल झालीस का तू?" रक्त पुसत तो ओरडला. "बाबांची भिंत होती ती!"

लीलाबाई दारात थिजल्या होत्या. हर्षदाने घण खाली टेकला. त्याच दारात उभं राहून तिने चहा दिला होता.

"ती पडणार हे मला दिसलं होतं," ती म्हणाली. "आदल्या दिवशीच, चहा द्यायला आले तेव्हा. चार फुटांच्या वरचे थर उतरवा, एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी विचारलंही, जमतंय का म्हणून. मी जमतंय म्हणाले, आई. मला त्यांच्या हाताची भीती वाटायची. अजून वाटते."