तिरपी कड

शंकरप्पाने लॉनवाल्यांच्या नव्या सोसायटीचा अर्ज सतरंजीवर पसरला, पण पेनाचं टोपण काही काढलं नाही.

"सह्या मागून. आधी सांगा, नांदेडच्या मंगल कार्यालयाला कमी भावात लॉन कुणी दिलं?"

रानात लॉनचं गवत वाढवून तुकड्यांनी विकणारे रेणापूरचे सातही जण एकमेकांकडे बघू लागले. ठरलं होतं साधंच, सगळ्यांचा भाव एक आणि ट्रक एक. कापलेलं लॉन दोन दिवसांत पिवळं पडतं, म्हणून जो तो अर्धा टेम्पो घेऊन पळायचा आणि गिऱ्हाईक म्हणेल त्या भावात टाकून यायचा. हे थांबणार होतं.

अण्णारावाने मांडी बदलली. दिलं होतं त्यानेच. जुनं गिऱ्हाईक हातचं जाईल या भीतीने, शेवटचं एकदा म्हणून.

"रामलिंगचा टेम्पो परवा नांदेड रोडला बघितला मी," कुणीतरी म्हणालं.

रामलिंगने एकदाच अण्णारावाकडे पाहिलं.

"कामाला गेलतो. पण कमी भावात न्हाई दिलं."

"मग कुणी दिलं, सांग की!"

"मला न्हाई सांगायचं."

चपला पायात अडकवून तो निघून गेला. सगळ्यांत मोठं रान त्याचं. तोच नाही म्हटल्यावर ट्रक भरायचा कशाने? अर्ज घडी होऊन शंकरप्पाच्या खिशात गेला तो गेलाच. 'मी दिलं' एवढंच अण्णारावाला म्हणायचं होतं. पण मेली जीभ उचललीच नाही.

वर्षभराने त्याच कार्यालयाचा फोन आला. मांडवाच्या खांबांनी लॉन उखडलं होतं. अण्णाराव गुडघ्यांवर बसून जुने तुकडे उचलू लागला. सगळे त्याच्याच हातचे. सांधा दिसू नये म्हणून कड तिरपी कापणारा रेणापुरात तो एकटाच. केवढी मिजास होती त्याला त्याची! फाटकाजवळ मात्र एक ओळ सरळ कापलेली निघाली.

"हे कुणी बसवलं?"

"रामलिंग म्हणून आहेत, तुमच्याच गावचे," मॅनेजर म्हणाला. "तुम्ही लावून गेलात त्याच आठवड्यात इथून गाडीचं चाक गेलं. तुमचा फोन लागेना, म्हणून त्यांना बोलावलं. लई ताठ माणूस बघा. तुम्ही दिलेला भाव सांगितला, तरी एक रुपया सोडला नाही. तुमचे तुकडे उलटून कडा बघत बसले बराच वेळ. कुणी लावलं, ते विचारलंसुद्धा नाही."

म्हणजे त्या दिवशी सतरंजीवर बसण्याआधीच रामलिंगला सगळं माहीत होतं. अण्णारावाला मान वर करवेना. हाताची माती धोतराला पुसत त्याने शंकरप्पाला फोन लावला.

"आप्पा, सतरंजी टाका. सगळ्यांना बोलवा. मला काही सांगायचं हाय."

"आता कशाची सतरंजी, अण्णा? रामलिंगनं लॉन मोडलं की. मागच्या महिन्यात सोयाबीन पेरून मोकळा झाला."

अण्णाराव त्या सरळ ओळीकडे बघत राहिला.

"तरी टाका," तो म्हणाला.