काचेतलं पाणी

पाचोऱ्याजवळ लखीचंद शेठची तेलगिरणी आहे. तिथल्या बॉयलरवर भूपेंद्र नोकरीला लागला त्याला तीन महिने झाले होते. बॉयलर चालवायच्या सरकारी परवान्याची परीक्षा त्याने गाईड पाठ करून काढली होती आणि अनुभवाचा दाखला मामाच्या ओळखीतून मिळवला होता. त्याआधी बॉयलर त्याने फक्त चित्रात पाहिलेला. भडगावात त्याची आई, भिकुबाई, सगळ्यांना सांगत फिरायची, "मना पोऱ्या मोठा साहेब शे." ते ऐकलं की तो तिथून काढता पाय घ्यायचा.

नासीरभाईंनी हाच बॉयलर बावीस वर्षं सांभाळला होता. पण शिक्षण सातवी, हातात परवान्याचा कागद नाही. सरकारी तपासणी जवळ आली तसं शेठनं त्यांना भट्टीत लाकडं टाकायला बसवलं. कुठे काही अडलं की ते हळूच खुणेने सांगत, त्यावर भूपेंद्रचं निभत होतं.

त्या शुक्रवारी नासीरभाई नमाजाला गेले होते. भूपेंद्रने पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेकडे पाहिलं. काच कोरडी होती. किती वेळ कोरडी होती, देव जाणे. पाणी संपलंय तर पाणी सोडावं, एवढंच सुचलं. त्याने पंपाच्या बटणाकडे हात नेला.

"हात काढा!" नमाजाहून परतलेले नासीरभाई दारातूनच ओरडले. "पाणी नका सोडू!"

"अहो, पाणीच तर संपलंय!"

"म्हणून तर! आतलं लोखंड लाल झालं असेल. त्यावर गार पाणी पडलं तर छपरासकट उडू आपण. जा, बाहेरच्या बायकांना लांब न्या!"

भूपेंद्रचे पाय जागचे हलेनात. नासीरभाईंनी त्याला ढकललंच, तेव्हा तो धावला. सरकी निवडणाऱ्या मंजुळाबाईला आणि बाकीच्या बायकांना त्याने कुंपणापर्यंत पळवत नेलं. मागे वळून पाहिलं, तर नासीरभाई भट्टीला हवा देणारा ब्लोअर बंद करून पेटती लाकडं दाताळ्याने बाहेर ओढत होते. आता आवाज होईल, आता होईल, असं म्हणत तो कान झाकून खाली बसला.

आवाज झाला नाही. वाफेच्या दाबाचा काटा उतरायला दोन तास लागले.

संध्याकाळी शेठनं एक कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं, भूपेंद्रने प्रसंगावधान राखून अपघात टाळला.

"शेठ, हे नासीरभाईंनी केलं. मला काही येत नाही."

"सरकार म्हणतं, येतं. बिनकागदाचा माणूस बॉयलरला हात लावत होता असं लिहू? गिरणीला टाळं लागेल. सही कर. आणि उद्यापासून नासीर गोदामात."

भूपेंद्रने सही केली.

दुरुस्तीला आठ दिवस गेले. ते आठही दिवस सुट्टी झाल्यावर तो चहाच्या टपरीवर नासीरभाईंसमोर वही घेऊन बसला. नासीरभाईंनी राग न धरता एकेक गोष्ट सांगितली. तरी शेवटी म्हणाले, "साहेब, हे लिहून नाही येत. कान लागतात, वर्षं लागतात."

सोमवारी त्याने एकट्याने भट्टी पेटवली. काटा चढू लागला. आत कुठेतरी टक्क वाजलं; ते नेहमीचं होतं की नाही, त्याला कळेना. काचेपासून दोन हातांवर तो उभा राहिला, आणि दुपारपर्यंत जागचा हलला नाही.