सात मिनिटं मागे राहिलेला दगड

शनिवारी सकाळी मास्तरांचा मेसेज आला आणि माझं डोकंच फिरलं.

"दोन रात्रींचा मेळ बसत नाही. काल तुझ्या आकड्यांवर तासभर दुर्बीण लावून बसलो. तिथं काही नाही. बघ बाबा, कॅमेऱ्यातला डाग दगड समजून बसला नसशील ना?"

डाग! मंगळवारी आणि गुरुवारी मी स्वतः पाहिला होता तो. तारे जागच्या जागी, आणि हा प्रत्येक फोटोत पुढे सरकलेला. घराएवढा दगड असेल फार तर, एखादा इवलासा लघुग्रह. चंद्राच्या दुप्पट अंतरावरून, म्हणजे तसा अगदी दारावरून चालला होता. आता माझ्या छोट्या दुर्बिणीच्या आवाक्याबाहेर गेला होता आणि रविवारनंतर कुणालाच दिसणार नव्हता. त्याआधी मास्तरांनी पाहिला तर त्याची कक्षा पक्की होणार. नाहीतर गेला. होता की नाही हेही कुणी मानणार नाही.

मास्तर म्हणजे दुसऱ्या गावचे निवृत्त शिक्षक. कधी भेटलो नाही. पण मोठी दुर्बीण त्यांच्याकडेच.

मी परत गणित मांडलं. तेच उत्तर. मंगळवारी दगड नीट चाललाय आणि गुरुवारी मध्येच रेंगाळलाय. दगड असं करत नाहीत. असं मी करतो.

लॅपटॉपवर नऊ पस्तीस झाले तसा उठलो आणि कामावर निघालो.

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवतो. पोचलो तर शटर अर्धंच वर.

"आज सूर्य पश्चिमेला उगवला का रे?" मालक म्हणाले. "पावणेदहाला हजर?"

हसलो, मशीन लावलं, काच चढवली. हात चालू, पण आत काहीतरी टोचत होतं. पावणेदहा? घरून दुकानापर्यंत सतरा मिनिटं लागतात. नऊ पस्तीसला निघालेला माणूस पावणेदहाला कसा पोचेल? फोन काढून पाहिला. मालकांचं बरोबर होतं.

"अरे, ती डावी काच आहे!" मालक ओरडले. "उजव्या मापाने घासलीस!"

मला ऐकूच आलं नाही. सात मिनिटं.

आमच्या घरातली सगळी घड्याळं सात मिनिटं पुढे असतात. वहिनीचा कायदा. फसत कुणीच नाही, सगळे मनातल्या मनात सात वजा करतात आणि तरीही उशीर करतात. पण लॅपटॉपवर मी डोळे मिटून विश्वास ठेवायचो. फोटोंवर वेळ पडते ती लॅपटॉपचीच.

वहिनीला फोन लावला. ती त्याच लॅपटॉपवर शिवणकामाचा क्लास घेते.

"वहिनी, लॅपटॉपचं घड्याळ तू पुढे केलंस?"

"बुधवारी. ते आपोआपचं बटण बंद केलं आणि सात मिनिटं पुढे. क्लासला उशीर होत होता. का रे?"

"अगं, माझा दगड!"

"अरे देवा. थांब, आत्ता सरळ करते."

"नको! हात लावू..."

फोन कट. परत लावला, उचलेना.

अंदाजे सात चालणार नव्हतं. मला सेकंद हवे होते. दहा सेकंद इकडेतिकडे झाले तरी तो मास्तरांच्या इवल्याशा चौकटीतून निसटला असता. आणि ते सेकंद फक्त त्या चुकीच्या घड्याळातच होते.

"मालक, आलोच!"

"काचेचं काय?"

पळालो. सतरा मिनिटांचा रस्ता किती वेळात कापला ते विचारू नका.

घरात शिरलो तर वहिनी लॅपटॉपसमोर बसलेली, शहाण्यासारखी हसत. "झालं बघ. एकदम बरोबर."

मी भिंतीला टेकून खालीच बसलो. "सेकंद गेले, वहिनी. किती पुढे होतं, तेच गेलं."

"ओरडू नकोस."

"मी ओरडत नाहीये!"

"मग रडू नकोस. मी काय अंदाजाने लावलं होतं? कापडाचं माप तरी मी कधी अंदाजाने घेते का? स्वयंपाकघरातल्या घड्याळाचीच वेळ घातली आणि त्याचा सेकंदकाटा बारावर आला तेव्हा बटण दाबलं होतं. ते घड्याळ तिथंच आहे, शास्त्रज्ञ."

मी उठलोच. फोन हातात धरून ओट्यापाशी उभा राहिलो. काटा बारावर येतोय, येतोय... फोनच्या सात मिनिटं अकरा सेकंद पुढे. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा अकरा.

गुरुवारच्या प्रत्येक फोटोतून तेवढं वजा केलं. दगड रेंगाळायचा थांबला. मंगळवारचीच वाट, सरळ पुढे. मास्तरांना नवे आकडे पाठवले आणि खरं कारणही लिहिलं. लाज वाटली, पण लिहिलं.

दुकानात परत गेलो. शिव्या खाल्ल्या. दिवसभर एक काच धड बसवली नाही.

रविवारी उजाडता उजाडता मेसेज आला. "मिळाला. चौकटीच्या जवळजवळ मध्यावर. डाग म्हणालो ते मागे घेतो. वहिनींना नमस्कार सांग."

दुपारपर्यंत कक्षा निघाली. सूर्याभोवती एक फेरी चौदा महिन्यांची, आणि आपल्याजवळ परत सात वर्षांनी.

"सात वर्षं?" वहिनी म्हणाली. "वेळेवर येईल ना? का तुझ्यासारखाच?"

मी फोन आणि लॅपटॉप शेजारी धरून सेकंद जुळतायत का बघत होतो. आता दर तासाला बघतो.